डोहाच्या वाटेवरचा ब्रश

मित्रांनो, नाक मुरडू नका, पण मी बूट घासायचा एक जुना ब्रश आहे. रानातल्या डोहाकडे जाणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथल्या खांबाला एका सुताराने मला ठोकलं. तेव्हा माझे केस असे राठ होते की चिखल मला बघूनच गळून पडायचा.

काम साधं. डोहावर येणाऱ्याने आधी माझ्यावर तळवे घासायचे, मगच वाट धरायची. कारण बुटांच्या चिखलातून परक्या तणाचं बी येतं. ते पाहुणा म्हणून येतं आणि घरमालक होऊन बसतं. मग काठावरचे नेचे मरतात, बेडकांना लपायला जागा उरत नाही.

माझ्याशेजारी राखणदार मावशी स्टूल टाकून बसायची; डोहाच्या वरच्या चढावर तिची खोली होती. अंगाला तेल-क्रीम लावून पाण्यात उतरायचं नाही, वाट सोडायची नाही, आपला कचरा आपण परत न्यायचा, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. "टाचेला काय सोन्याचा मुलामा दिलाय? तीही घासा," असं ती म्हणाली की भले भले मुकाट्याने माघारी यायचे.

रोज सकाळी एक निवृत्त बस ड्रायव्हर यायचे. सगळे त्यांना काका म्हणत. जन्मभर क्लच दाबून त्यांचा गुडघा कामातून गेला होता. डोहात पोहताना तेवढा तो दुखायचा थांबे. त्यांना नीट वाकता येत नसे, म्हणून ते माझ्यावर दोन फटके मारून पुढे जात.

एका वर्षी काठावर पिवळ्या फुलांचं तण उगवलं. वनखात्याचे साहेब येऊन म्हणाले, "आठवड्यात हे निघालं नाही, तर डोह वर्षभर बंद." मावशीचा पारा चढला. काका दिसताच ती म्हणाली, "हे तुमचेच उद्योग. धड घासत नाही, काही नाही."

काका लंगडत परत गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्यांचे बूट मला पाठ होते. त्यांना रस्त्याची धूळ सोडून कधी काही नसायचं. पण ब्रशाचं कोण ऐकतो?

मावशी एकटीच तण उपटायला बसली. उपटत उपटत ती चढाने वर सरकू लागली, कारण पिवळी फुलं त्याच बाजूला दाट होत गेली होती. ती थेट तिच्या खोलीच्या मागच्या दाराशी पोहोचली. दारात तिचेच चिखलाने भरलेले बूट होते. दर सुट्टीला ते घालून ती भावाच्या शेतावर जायची आणि परत आली की मागच्या दाराने तशीच डोहाकडे उतरायची. साऱ्या जगाला टाचा घासायला लावणारी ही बाई स्वतः एकदाही माझ्यापाशी आली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

ती तडक काकांच्या घरी गेली.

"काका, चोर माझ्याच घरात निघाला. चुकलं माझं."

"मला शंका होतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू देता होय?"

दुसऱ्या दिवशी काका सकाळच्या सगळ्या पोहणाऱ्यांना घेऊनच आले. ते स्वतः मावशीच्या स्टुलावर बसून मुळं पोत्यात भरत होते आणि हुकूमही सोडत होते. साहेबांनी येऊन पाहिलं आणि डोह उघडाच राहिला. त्या दिवशी काका पाण्यात इतका वेळ तरंगले, की मावशीला हाका मारून त्यांना बाहेर काढावं लागलं.

आता माझे केस झिजले. खांबावर नवा ब्रश आला, तेव्हा माझी रवानगी चुलीत होणार असं मला वाटलं. पण मावशीने मला काढलं आणि आपल्या मागच्या दाराशी ठोकलं. रोज सकाळी ती आधी माझ्यावर बूट घासते, मग कामाला लागते. डोहातून काकांची हाक येते, "मावशी, टाच राहिली!" आणि ती हसत हसत परत फिरते.

मित्रांनो, तुम्हीही या, मनसोक्त पोहा. फक्त बूट घासताना शेजाऱ्याच्या पायांकडे बघू नका. आधी आपली टाच बघा.