काही न घातलेला वाफा

तिने टोपली ताणकाट्याच्या आकड्यात अडकवली आणि हात सोडला. काटा थरथरला, तेरावर येऊन थांबला. सल्लागार बाईंनी चष्मा वर करून तो वाचला आणि टोपली उतरवून पुन्हा अडकवायला सांगितली. दुसऱ्यांदाही तेराच.

वाफे तीन होते. तिन्हींत कोबी, एकाच दिवशी लावलेला. पहिल्यात नवऱ्याचं गोणीतलं खत. दुसऱ्यात तिचं गांडूळखत, जे ती दोन वर्षं गोठ्यामागच्या हौदांत तयार करत होती. तिसऱ्यात काहीच नाही, नुसतं पाणी. प्रत्येकातले दहा-दहा गड्डे तोलायचे होते. पहिल्या वाफ्याचे चौदा किलो भरले, दुसऱ्याचे साडेतेरा, आणि या उपाशी वाफ्याचे तेरा.

चाचणीची कल्पना तिचीच. घरात सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणून तिने शेतकी केंद्रातल्या या बाईंना बोलावलं. नवऱ्याने हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. एकच हंगाम. तिच्या खताने रिकाम्या वाफ्याला चांगलं मागे टाकलं तर हौद राहतील, नाहीतर ते फोडून तिथे चाऱ्याला जागा करायची. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा पक्का होता, आणि शब्दाच्या पक्क्या माणसाबरोबर संसार करणं किती अवघड असतं ते त्याच्या बायकोलाच ठाऊक.

सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं होतं. हौदांना त्या उकिरडा म्हणायच्या. सून तिकडून आली की पदर नाकाला लावून विचारायच्या, काय म्हणतात तुझे पाहुणे, जेवले का? आता त्या बांधावर बसून गड्ड्यांची बाहेरची पानं काढत होत्या.

"अर्ध्या किलोसाठी दोन वर्षं घमेली वाहिलीस," नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

गोणीनेही काही मोठे दिवे लावलेले नाहीत, असं बाईंनी त्याला ऐकवलं. ते आपण नंतर बघू, तो म्हणाला, हौदांचं मात्र ठरलेलं आहे. आकडे समोर होते.

बाईंचं समाधान झालेलं दिसेना. त्यांनी खुरपं मागून घेतलं, तिसऱ्या वाफ्यात उकिडव्या बसल्या आणि एका बुंध्याजवळ उकरलं. वरची माती फिकी होती. चार बोटं खाली काळी, भुसभुशीत. त्यात एक गांडूळ वळवळलं.

"हा वाफा रिकामा नाही," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी कशाला घालू?" ती म्हणाली. "माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा?"

क्षणभर तिला वाटलं, यानेच केलं असेल. मग तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

बांधावर पानं मोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. सासूबाई गप्प राहिल्या असत्या तर दोन वर्षं त्यांना जे हवं होतं ते आपोआप झालं असतं.

"मी घातलं," त्या म्हणाल्या.

खुरपायला बसलं की शेजारचे दोन वाफे भरत चाललेले दिसायचे आणि हा पिवळा पडत चाललेला. दर आठवड्याला प्रत्येक रोपाला दोन ओंजळी घातल्या आणि वरून माती ओढली, एवढंच. हा वाफा उपाशीच ठेवायचा होता, बाईंनी शांतपणे समजावलं. ते ठाऊक होतं, सासूबाई म्हणाल्या, पण ठाऊक असणं वेगळं आणि रोज समोर बसून बघणं वेगळं.

"गोणी तर दारातच होती, आई," नवरा म्हणाला. "हौदापर्यंत कशाला गेलीस?"

त्यांनी हातातलं पान खाली टाकलं.

"धडधाकट रोपाला गोणीतलं चालतं. याने पार मान टाकली होती. मान टाकलेल्याला चांगलंच द्यायला नको का?"

सून वाकून टोपलीतले गड्डे पुन्हा मोजू लागली. ते दहाच होते.

बाईंनी वहीतल्या पानावर आडवी रेघ मारली. ही चाचणी धरता येणार नाही, पुन्हा लावायची तर नव्या हंगामात. सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने काटा खाली उतरवला, दोरी हाताभोवती गुंडाळली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"पुढच्या खेपेला रिकामा वाफा विहिरीपलीकडे घेऊ," तो म्हणाला. "घरापासून लांब."

"घ्या की," सासूबाई पुढचा गड्डा उचलत म्हणाल्या. "मला चालता येतं."