घेवड्याच्या वाफ्यातले मूळ

मी एक जुने मूळ आहे. नाव विचारू नका. मला सगळे 'तण' म्हणतात, आणि तेही दातओठ खाऊन. मित्रांनो, मी इथले नव्हे. परगावाहून आणलेल्या नांगराला चिखल चिकटला होता, त्या चिखलातून मी बी होऊन या शेतात आले. कोणी पेरले नाही, कोणी राखले नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय!

या वाफ्यात दोघी जावा घेवडा लावत. सासूबाईंनी जपलेले बी होते ते, दुसरीकडे कुठेच उरले नव्हते. मी डोके वर काढले की थोरली उपटायची. वरचे तुटायचे, खाली मी शाबूत. पाऊसपाणी बरे होते तोवर घेवड्यापुढे माझे काही चालले नाही. त्याची सावलीच एवढी दाट, की मी मुकाट्याने खाली खाली जात राहिले.

मग एका वर्षी बियांचा डबा रिकामा करून होते तेवढे सगळे बी पेरले आणि पावसाने पाठ फिरवली. त्यात थोरलीने अंथरूण धरले. घेवड्याची मुळे वरवरची, बिचारी तिथेच वाळली. मी एव्हाना इतके खोल गेले होते, की उरलीसुरली ओल मलाच लागली. घेवड्याची पाने झडली, तशी मी त्याच्याच काठ्यांवर चढले. धाकटी खुरपे घेऊन आली. भोवती सगळे करपलेले, माझी एकट्याची वेल हिरवी.

"असू दे बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "डोळ्यांना तेवढंच हिरवं."

आणि डोळे पुसत परत गेली.

घेवड्याला शेंग धरलीच नाही. त्याची वाळकी मुळे अजून माझ्या अंगाला बिलगून आहेत. माती जरा हलली की कुरकुरतात. तहान त्यांना लागली होती आणि पाणी मी पीत होते. मी विसरू म्हटले तरी ती विसरू देत नाहीत. मला त्यांची फार भीती वाटते.

यंदा पाऊस झाला. थोरली काठी टेकत वाफ्याशी आली. तिची नजर आता अधू झाली आहे. माझा नवा कोंब दिसताच ती काठी टाकून खाली बसली.

"अगं, आला बघ! एखादं बी मातीत राहिलं होतं वाटतं. सासूबाईंचा घेवडा आला गं!"

धाकटीने वाकून पाहिले. तिला कळले. तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"हो जाऊबाई," ती म्हणाली. "आलाय खरा."

तेव्हापासून थोरली रोज मला तांब्याभर पाणी घालते, पानांवरून हात फिरवते. "सावकाश वाढ हो," म्हणते. जन्मात माझ्याशी कोणी असे बोलले नव्हते. ती गेली की खालची मुळे कुरकुरू लागतात, आणि ते पाणी मला घशाखाली उतरत नाही.

घेवड्याचे फूल जांभळे असते, माझे पांढरे. एवढे तर तिच्या नजरेलाही दिसेल. आणि मला कळी आली आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी इकडून गेलात, तर माती ओली आहे तोवर मला उपटा. अर्धवट नको, तळापर्यंत खणा, तुकडाही ठेवू नका. आणि थोरलीने विचारले तर सांगा, घेवडा चांगला वाढत होता, गोगलगायीने खाल्ला.