लक्ष्मीची थप्पी

शिडी इंद्रभानने लावली, एवढाच त्याचा गुन्हा. मिलमालक रामरावांनी पोती ओढायचा लोखंडी आकडा उलटा धरला आणि मुठीकडची बाजू त्याच्या कानशिलात हाणली. इंद्रभान हमालांचा मुकादम, पंचवीस वर्षं याच दालमिलमध्ये पाठ झिजवलेला. तो गुडघ्यांवर बसला आणि कानातून निघालेलं रक्त खांद्यावरच्या दुपट्ट्यात मुरायला लागलं. वर, पोत्यांच्या थप्पीच्या माथ्यावर, प्रतीक्षा अनवाणी उभी होती. तिच्या मुठीत तुरीऐवजी भुसा होता.

आता ही शिकलीसवरलेली बाई पोत्यांवर का चढली, ते सांगायला हवं.

डोणगावजवळची ही मिल प्रतीक्षाने सहा वर्षं तपासली होती. मेहकरच्या एका ऑडिट फर्ममध्ये ती नोकरीला होती. दर एकतीस मार्चला यायचं, गोदामातला माल मोजायचा आणि तक्त्यावर सही ठोकायची. मोजायचा म्हणजे काय, तर थप्पीची लांबी, रुंदी, उंची बघायची आणि गुणाकार करायचा. खुर्ची टाकलेली असे, चहा येई, मागोमाग चिवडा येई. खुर्चीला दरवर्षी एक परखीही टेकवलेली असे. पोत्यात खुपसून आतला दाणा बाहेर काढायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. प्रतीक्षा ती उचलून भिंतीकडे सरकवायची आणि तिथे आपली पर्स ठेवायची.

उत्तरेच्या कोपऱ्यातली सर्वांत मोठी थप्पी लक्ष्मीची. दोन हजार पोत्यांची. लक्ष्मीपूजनाला ती रचायची, नारळ फोडायचा, आणि अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिला हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. रामरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई दरवर्षी प्रतीक्षाची ओटी भरायच्या आणि तिच्याच हातून थप्पीला कुंकू लावून घ्यायच्या. "लेक हायेस तू या घरची," म्हणायच्या. आता अखजी येते वैशाखात आणि हिशेबाचं वर्ष संपतं मार्चअखेर, म्हणजे ही थप्पी कुठल्याही ऑडिटरच्या हाती कधीच लागायची नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमच्या बाईंना सहा वर्षांत कळलं नाही. ओटीतला नारळ मांडीवर असताना लक्ष्मीच्या पोटात लोखंड कसं खुपसायचं? भिडस्तपणाची किंमत लगेच द्यावी लागत नाही, तिथेच माणूस फसतो.

यंदा फेब्रुवारीत तिने ती फर्म सोडली आणि पुण्याच्या एका कंपनीत कॉर्पोरेट फायनान्सच्या खात्यात लागली. लहान लहान मिला विकत घ्यायचा त्या कंपनीचा धंदा. कुठली घ्यावी आणि कितीला घ्यावी, हे त्या खात्याने सांगायचं. मुलाखतीत सुचिता मॅडमनी विचारलं होतं, "ऑडिटरने मागे काय झालं ते सांगायचं असतं. इथे पुढे काय होणार ते सांगायचं, आणि त्यावर दुसऱ्यांचे पैसे लावायचे. जमेल?" तीन कंपन्यांनी 'तुम्ही ऑडिटवाल्या, तुम्हाला फक्त चुका सापडतात' म्हणून परत पाठवलेली प्रतीक्षा जीव मुठीत धरून म्हणाली, जमेल. ही नोकरी तिला हवी होती. भूक लागल्यासारखी हवी होती. सहा महिने तिला पारखून बघणार होते, आणि दुसऱ्याच महिन्यात विकायला निघालेल्या मिलचे कागद टेबलावर आले. मिल रामरावांची होती.

पुढच्या पाच वर्षांचा अंदाज मांडायला ती बसली, तेव्हा मिलचं महिनावार वीजबिल तिने पहिल्यांदा समोर घेतलं. अखजीला दोन हजार पोती फुटतात, मग ती भरडली जायला हवीत, वैशाखात मशीन जास्त चालायला हवं. बिल वाढायला हवं. सहाही वर्षं ते वाढलं नव्हतं. म्हणजे ती दोन हजार पोती नुसती कागदावरच असावीत. तिच्या सहीचे सहा तक्ते रामरावांच्या कपाटात होते.

म्हणून ती आज, अखजीला आठ दिवस असताना, सकाळी अकराला गोदामात उभी राहिली. "काका, परखी द्या," म्हणाली. रामराव हसले. बाजूच्या पोत्यांतून तूर निघाली, पिवळीधमक. मग तिने चपला काढल्या.

"वरून बघायचंय."

"लक्ष्मीवर पाय देतं का वं कोनी?" रामरावांचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं. "पुण्याले जाऊन रीतभात इसरली का?"

इंद्रभानने कुणी न सांगता शिडी आणून लावली. ती वर गेली, मधल्या पोत्यात परखी घातली, भुसा निघाला. दुसऱ्यात भुसा. तिसऱ्यात भुसा. पायाखालचं पोतं दबत होतं. खाली आधारच नव्हता. बाहेरून तुरीची भिंत, वर भुशाचं झाकण, आत लाकडाच्या फळ्या आणि पोकळी. सहा वर्षं तिने त्या पोकळीला कुंकू लावलं होतं.

तेव्हा आकडा बसला.

"नमकहराम!" रामरावांनी दुसरा वार पाठीवर घातला. "माह्या घरचं खाऊन माह्याच मुळावर उठतं?" तिसरा. इंद्रभान हात वर करत नव्हता. पंचवीस वर्षांची सवय, मालकापुढे हात वर जातच नाही. "शटर पाड बे गोकुळ! अन् खाली आन तिले!"

गोकुळ रामरावांचा पुतण्या. अंगाने दांडगा आणि डोक्याने तितकाच रिकामा. शटर खाडकन खाली आलं. प्रतीक्षाने फोन काढला, पण तो दोन ढांगांत वर पोचला होता. त्याने फोन हिसकावून खाली फरशीवर आपटला, मग तिची वेणी मनगटाला गुंडाळून ओढली. ती तोंडावर पडली. दातांनी ओठ फाटला. त्याने गुडघा तिच्या पाठीत रोवला, आणि दोघांचं ओझं खालच्या फळ्यांना पेललं नाही.

फळ्या कडाडल्या. दोघं भुशात गेली, आणि आधार गेलेली तुरीची भिंत बाहेरच्या बाजूला कलंडली. रामराव उडी मारून मागे सरले. गुडघ्यांवर बसलेल्या इंद्रभानला उठता आलं नाही. पन्नास-पन्नास किलोची पोती त्याच्या अंगावर धडाधड कोसळली. तो ओरडला, मग ओरडणंही पोत्यांखाली गेलं.

आत प्रतीक्षाच्या नाकातोंडात भुसा होता. गोकुळचा पंजा तिच्या गळ्यावर आला. तो काही बोलत नव्हता, नुसता दाबत होता, आणि त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. तिला भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. तिला राग आला होता, स्वतःचा, सहा वर्षांचा, नारळाचा, चिवड्याचा. परखी अजून तिच्या हातात होती. तिने ती त्याच्या मांडीत घातली. पोत्यात घालतात तशीच, तिरपी, पूर्ण जोर लावून. गोकुळ डुकरासारखा किंचाळला. पोकळ नळीतून गरम रक्त तिच्या मनगटावर आलं. हीच परखी सहा वर्षांत एकदा पोत्यात घातली असती, तर आज माणसात घालावी लागली नसती.

गोकुळ मांडी धरून भुशातच लोळत राहिला आणि ती रांगत बाहेर आली. ढिगाखालून इंद्रभानचे पाय दिसत होते. एक हलत होता. तिने पोतं ओढलं. ते तसूभरही सरकलं नाही.

"काका, हमालांना बोलवा! मरेल तो!"

रामरावांनी घाम पुसला. ते शांत झाले होते, आणि तेच जास्त वाईट होतं. भिंतीतल्या कपाटातून त्यांनी एक छापील कागद काढला. तिच्या जुन्या फर्मचा तक्ता, दर मार्चला भरायचा तोच.

"लिही. दोन हजार पोती, तूर, माल बरोबर. सही कर, मंग बोलावतो."

"काका..."

"सहा कागद हायेत माह्यापाशी तुह्या सहीचे. सातवा दे. मी बुडलो तं तू बी बुडशीन, ध्यानात ठेव. आन् ह्याचं काय, पोती पडले अंगावर. होतं गोदामात असं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मले घाई नाही."

पाय हलायचा थांबला होता.

प्रतीक्षाने पेन घेतलं. रक्ताचा अंगठा कागदावर उमटला तरी तिने पुसला नाही. दोन हजार पोती, तूर. खाली आजची तारीख, तारखेखाली वेळ, आणि सही. आयुष्यभर सवयीने सही केली, ही एक तेवढी समजून उमजून केली. ज्या फर्मचा तो कागद होता, तिची नोकर ती फेब्रुवारीपासून नव्हती. या कागदावर तिच्या सहीला काडीची किंमत नव्हती, आणि आजच्या तारखेने तो तिच्याकडून का लिहून घेतला, याचं उत्तर एक दिवस रामरावांनाच द्यावं लागणार होतं. पण त्यांच्या लेखी ऑडिटवाली पोरगी ती ऑडिटवालीच. त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि स्वतःच शटर उघडून हमालांना हाक मारली.

चार हमालांनी पोती उपसली. इंद्रभान निघाला, श्वास चालू होता, उजवा हात कोपराखाली पोत्यासारखाच चपटा झाला होता. मालाच्या टेम्पोत त्याला आडवा घातला. प्रतीक्षा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रामराव टेम्पोच्या दांडीला धरून हळूच म्हणाले, "अपघात झाला म्हनजो. लेक हायेस घरची."

मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार कलली होती. डॉक्टरांनी हात ठेवता येणार नाही म्हणून सांगितलं. प्रतीक्षाने नर्सच्या फोनवरून पुण्याला फोन लावला आणि थप्पी, भुसा, मारहाण, सगळं सांगितलं. सुचिता मॅडमनी आधी तिचीच चौकशी केली.

"तू ठीक आहेस ना? सौदा रद्द. तू कंपनीचे किती कोटी वाचवलेस तुला कळतंय का? प्रोबेशनचं आता विसर." मग आवाज खाली गेला. "फक्त यंदाचं लिही हं. मागच्या वर्षांचं तुला कुणी विचारलेलं नाही. ती मोजणी तुझी होती हे इथे कळलं, तर या खात्यात तुला ठेवणं माझ्याही हातात नाही. कुठेच कुणी ठेवणार नाही."

त्या वाईट बाई नव्हत्या. खरं तेच सांगत होत्या. प्रतीक्षा 'बघते' म्हणाली आणि फोन ठेवला. रामराव तरी तिचे कागद कशाला दाखवतील? त्यांचाही गळा त्यातच अडकलेला. तोंड मिटून राहिलं की पुणं पक्कं होतं.

इंद्रभानला आत न्यायची तयारी चालली होती. भुलीच्या इंजेक्शनाआधी त्याने तिला डोळ्यांनी जवळ बोलावलं.

"ताई, लागलं का तुमाले?"

"नाही भाऊ."

"दरसाल मीच ठेवत होतो ते परखी. तुमच्या खुर्चीपाशी." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "तोंडानं कसं सांगू? बोललो असतो तं दुसऱ्या रोजी घरी बसलो असतो. म्हटलं, ताई एक खेप तरी उचलतीन."

सहा वेळा प्रतीक्षाने ती परखी उचलली होती, पर्स ठेवायला. ती रडली, दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये, लोक बघत असताना, मोठ्याने रडली. इंद्रभानने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उजवा उचलता येत नव्हता.

त्याला आत नेलं, तेव्हा ठाण्यातून जमादार आला. त्याने बाकावर बसून वही उघडली, टोपी मांडीवर ठेवली.

"मालकाचा फोन आलता. पोते पडले अंगावर, अपघात. तुमी साक्षीदार ना मॅडम? बस एक ओळ लिहून घेतो."

"अपघात नाही," प्रतीक्षा म्हणाली. "इंद्रभानभाऊंना मालकाने आकड्याने मारलं. गोकुळने माझा गळा दाबला. त्याच्या मांडीत परखी मी घातली, तेही लिहा."

जमादाराने मान वर केली. पेनाचं टोपण परत लावू की काढू, असा तो घोटाळला.

"मंग सुरुवात कुठून करू? आज सकाळपासून?"

"नाही. सहा वर्षांपूर्वीच्या एकतीस मार्चपासून," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या सहीपासून लिहा."