ओळ एकशेवीस

"आज तरी जेवणाचं टेबल रिकामं होणार आहे, की उभ्याउभ्याच जेवायचं?"

बायकोने विचारलं तेव्हा भिंगरीच्या तोंडात दोन स्क्रू होते. त्याने नुसता हात हलवला. त्या हाताचा अर्थ 'पाच मिनिटं' असा होता, आणि गेल्या नऊ महिन्यांत त्या पाच मिनिटांवर घरातल्या कुणाचाही विश्वास उरलेला नव्हता.

टेबलावर एक हिरवी पाटी उघडी पडली होती. पुस्तकाच्या पानाएवढी. तिच्यावर काळ्या चिपा पाय रोवून बसल्या होत्या, आणि त्यांचे सगळे पाय भिंगरीने स्वतःच्या हाताने सोल्डर केले होते. शेजारी घरातला टीव्ही, त्याच्याशेजारी कॅसेट वाजवायचा टेपरेकॉर्डर. हा सगळा पसारा मिळून एक कॉम्प्युटर होत होता. पोस्टाने पुड्यापुड्यांतून आलेला, घरी जोडायचा.

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते वडिलांनी ठेवलं. लहानपणी हा एका जागी दोन मिनिटं बसला तर शपथ. बेचाळिसाव्या वर्षीही त्यात फरक नव्हता. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेही तो एका सेटचं मागचं झाकण उघडून दुसऱ्याकडे वळायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "टीव्हीचा आणि याचा रोग एकच. चित्र ठरत नाही."

स्क्रू बसले. भिंगरीने तोंड मोकळं केलं.

"उद्या दादा येतोय," तो म्हणाला. "आज हे चाललंच पाहिजे."

"ते माहितीय मला. म्हणूनच विचारतेय. पाहुण्याला काय टीव्हीवर वाढू?"

दादा म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ. तो पाहुणा म्हणून येत नव्हता. तो अप्पांना न्यायला येत होता.

अप्पा, म्हणजे दोघांचे वडील, आतल्या खोलीत होते. एकतीस वर्षं तारमास्तर म्हणून काढलेला माणूस. गावातल्या प्रत्येक घराचं बरंवाईट त्यांच्या कानांना आधी कळायचं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. हातपाय गेले. उरलं ते उजव्या हाताचं एक बोट. ते बोट दिवसातून अधूनमधून पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत राहायचं. टक, टक्क, टक.

"कंप असतो असा," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना किती कळतंय हेही नक्की सांगता येत नाही."

सगळ्यांनी ते मान्य केलं. भिंगरीने केलं नाही. तो आवाज त्याने पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. ती तारेची भाषा होती. छोटा ठोका म्हणजे ठिपका, लांब ठोका म्हणजे रेघ, आणि ठिपक्या-रेघांची अक्षरं. फक्त त्याला ती वाचता येत नव्हती. दहा वर्षांचा असताना अप्पांनी त्याला शिकवायला बसवलं होतं. चौथ्या अक्षराला तो खिडकीतून पळाला.

"मग आता शिका की," बायको तेव्हाच म्हणाली होती. "पुस्तक मिळत असेल. महिन्याभराचं काम."

पण पुस्तक घेऊन अप्पांच्या उशाशी बसायचं म्हणजे बसायचं. दोन-दोन तास, एका बोटाकडे बघत, त्या चेहऱ्याकडे बघत. नुसत्या विचारानेच भिंगरीच्या पायांना मुंग्या यायच्या. तो म्हणाला, "माणूस चुकतो. मशीन चुकत नाही." आणि त्याने किट मागवलं.

दादाचा फोन आला तो गेल्या रविवारी. त्याच्याकडे मोठं घर, लिफ्ट, दोन मिनिटांवर दवाखाना. त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचाच भिंगरीला जास्त राग आला.

"अप्पांना विचारल्याशिवाय मी त्यांना हलवू देणार नाही," तो म्हणाला.

"विचारलं की मी मागच्या खेपेला. पापणी मिटून हो म्हणाले."

"पापणी काय, सगळ्यांचीच मिटते! माशी आली तरी मिटते."

"मग तू विचार," दादा शांतपणे म्हणाला. "बोलतं कर त्यांना. नाही म्हणाले तर मी रिकाम्या हाताने परत जाईन. शब्द देतो."

म्हणून आज. भिंगरीला एवढंच हवं होतं, अप्पांनी स्वतः म्हणावं, इथेच राहतो. त्याहून वेगळं काही ते म्हणू शकतात हे त्याच्या डोक्यात आलेलंच नव्हतं.

प्रोग्राम त्याने बेसिकमध्ये लिहिला होता. बेसिक म्हणजे त्या मशीनला कळणारी साधी हुकूमशाही भाषा: हे छाप, तिकडे जा, असं असेल तर तसं कर. प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, तोही दहा, वीस, तीस असा, म्हणजे मागाहून काही सुचलं तर मध्ये घुसवायला जागा राहते. भिंगरीला ही पद्धत मनापासून आवडली होती. त्याला सगळं मागाहूनच सुचायचं. मशीनची आठवण हजारभर अक्षरांची. तेवढ्यात तारेची सगळी बाराखडी कशी कोंबायची यावर त्याने चार महिने घालवले, आणि शेवटी एक झाड काढलं. बुंध्यापासून सुरुवात, ठिपका आला की डावी फांदी, रेघ आली की उजवी. ठोके संपले की जिथे पोचलो ते अक्षर. ते झाड त्याने एका मोठ्या कागदावर काढून भिंतीला चिकटवलं होतं, आणि तेच आकड्यांत बसवून मशीनला दिलं होतं.

टेप सुरू केली. प्रोग्राम कॅसेटमधून मशीनमध्ये जाताना कर्कश किंचाळत जायचा.

"मांजर पिळताय का कुणी?" बायको आतून ओरडली.

"झालं, झालं!"

सगळं लटांबर उचलून त्याने अप्पांच्या खोलीत नेलं. टीव्ही स्टुलावर ठेवला. दारावरच्या घंटीचं एक बटण आणून त्याने तारेने मशीनला जोडलं होतं. ते अप्पांच्या बोटाखाली सरकवलं. अप्पांचे डोळे बटणाकडे गेले, मग टीव्हीकडे, मग त्याच्याकडे.

"अप्पा, ही तुमची तारयंत्राची किल्ली आहे असं समजा. पूर्वीसारखं बडवा. दादा उद्या न्यायला येतोय. तुम्हाला त्याच्याकडे जायचंय की इथे राहायचंय? सांगा, पडद्यावर येईल."

बराच वेळ काही झालं नाही. भिंगरी दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मग बोट हललं. बटण दबलं, सुटलं. दबलं, सुटलं. पडद्यावर एक प्रश्नचिन्ह उमटलं. न कळलेल्या अक्षरासाठी त्याने तेच ठेवलं होतं. त्यामागून तीन अक्षरं आली. ? M T O.

"हे काय?" बायको दारात येऊन उभी होती.

"सुरुवात आहे. परत, अप्पा."

? M T O. तिसऱ्या वेळीही तेच.

भिंगरीने कपाळावर हात मारला. ओळ एकशेवीस! त्या ओळीत मशीनला सांगितलं होतं की बटण दाबल्यावर बारापर्यंत मोज; त्याआधी सुटलं तर ठिपका, नाहीतर रेघ. हे बारा त्याने काढले होते स्वतःच्या बोटावरून. रोज रात्री दुकानातून आल्यावर, घाईघाईने, स्वतःच बटण बडवून. मशीनला त्याने स्वतःचीच घाई शिकवली होती. अप्पांचा ठिपकासुद्धा त्याच्या रेघेपेक्षा लांब होता, म्हणून मशीनला सगळ्या रेघाच दिसत होत्या.

त्याने बाराचे चाळीस केले. "परत, अप्पा."

H I E S.

"आता सगळे ठिपके मोजतोय लेकाचा." चाळीसचे पंचवीस. आता निम्मं बरोबर, निम्मं चूक, आणि प्रत्येक वेळी वेगळं. कारण बोट दमत चाललं होतं. सुरुवातीचा ठिपका शेवटी रेघेएवढा होत होता, आणि दोन ठोक्यांमधल्या थांब्यात मशीन अक्षर संपलं असं धरून पुढे पळत होतं. पंचवीसचे तीस. तीसचे अठ्ठावीस. अप्पांच्या कानशिलावर घाम आला होता.

"पुरे करा हो," बायको म्हणाली.

"थांब गं, जवळ आलंय."

"काही जवळ आलेलं नाही. त्यांचं बोट बघा, कसं थरथरतंय. आणि मला एक सांगा, इथे उभी राहून मला नीट ऐकू येतंय कुठला लांब आणि कुठला छोटा. या ठोंब्याला कसं कळत नाही?"

"तुला कळतंय?"

"त्यात काय कळायचंय? दमलेला माणूस जिना चढताना त्याची पावलं कळत नाहीत आपल्याला? दमेल तसं सगळंच लांबतं. पण लांब ते लांबच राहतं."

भिंगरीने भिंतीवरचा झाडाचा कागद काढून आणला.

"बसा," ती म्हणाली.

"उभाच बरा आहे मी."

"खाली बसा, त्यांच्या डोळ्यांसमोर. घोड्यावर असल्यासारखे उभे राहिलात की तेही घाई करतात."

तो पलंगाच्या कडेला बसला. कागद मांडीवर. तिने अप्पांच्या कपाळावरचा घाम पुसला, पाणी पाजलं, आणि पंधरा मिनिटं कुणीच काही केलं नाही. ती पंधरा मिनिटं भिंगरीने कशी काढली त्याचं त्याला ठाऊक. मशीन टीव्हीवर नुसता चौकोन दाखवत होतं. त्याने हात लांबवून टीव्ही बंद केला.

बोट हललं.

"छोटा," बायको डोळे मिटून म्हणाली. "लांब. लांब. लांब. थांबले."

डावी फांदी, मग उजवी, उजवी, उजवी. भिंगरीचं बोट कागदावर थांबलं. जे.

"छोटा, लांब."

ए.

"लांब. एकच."

टी.

"लांब, लांब, लांब."

ओ.

तारा इंग्रजी अक्षरांत जायच्या, मजकूर कुठल्याही भाषेचा असो. भिंगरीने कागदाच्या कडेला अक्षरं मांडली. जातो.

आता त्याला पडद्यावरची ती अक्षरंही कळली. सगळ्या रेघा धरल्या तर हाच शब्द ? M T O होतो, आणि सगळे ठिपके धरले तर H I E S. अप्पांनी पहिल्या फटक्यात उत्तर दिलं होतं. तासभर ते तेच सांगत होते.

"काय आलं?" बायकोने विचारलं.

त्याने कागद तिच्याकडे वळवला. तिने वाचला आणि अप्पांकडे बघितलं.

"चुकलं असेल," भिंगरी म्हणाला. "पहिलं अक्षर... परत विचारू या."

पण बोट थांबलेलं नव्हतं. तिने पुन्हा डोळे मिटले आणि लांब-छोटा सांगू लागली. एकेका अक्षराला आता मिनिटभर लागत होतं. मध्येच बोट थांबायचं आणि अक्षर संपलं की नाही हे तिला अप्पांच्या श्वासावरून ठरवावं लागायचं. भिंगरी झाडावरून उतरत राहिला. डी. ए. एम. एल. ए. एस. तारमास्तरांनी जन्मभर लोकांना शब्द जपून वापरायला सांगितलं होतं. इथेही त्यांनी एक शब्द जास्तीचा घेतला नाही.

जातो. दमलास.

भिंगरी ताडकन उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. "मी कुठे दमलोय? अप्पा, मी दमलेलो नाही. रात्री तुम्हाला कुशीवर वळवायला उठतो, तर त्यात काय दमायचं? तिला विचारा."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. ती पाण्याचा पेला उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला दादा टॅक्सी घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर पानं मांडलेली होती. यंत्राचा पसारा नाही हे बघून तो आधी थबकलाच.

"चाललं का रे तुझं यंत्र?"

"नाही."

"मग?"

'राहतो म्हणाले' एवढंच सांगायचं काम होतं. दादाने शब्द दिला होता, तो रिकाम्या हाताने परत गेला असता. बायको वाढता वाढता थांबली.

"तुझ्याकडे यायचं म्हणालेत," भिंगरी म्हणाला.

"म्हणाले? कसे?"

"जेव आधी. मग दाखवतो."

जेवण झाल्यावर त्याने दादाला अप्पांच्या पलंगावर बसवलं आणि सकाळी काढलेली झाडाची नवी प्रत त्याच्या हातात दिली. डावीकडे ठिपका, उजवीकडे रेघ. वेळ किती मोजायचा ते विचारू नकोस म्हणाला, तिथे आकडा नाही चालत. दादाने चष्मा बदलला. 'दमलास' या शब्दाबद्दल भिंगरी काही बोलला नाही.

अप्पांना टॅक्सीत ठेवायला तिघे लागले. दादा त्यांच्या शेजारी बसला. भिंगरी खिडकीशी वाकून उशी नीट करत होता तेव्हा अप्पांचं बोट दादाच्या गुडघ्यावर हललं. दादाने घाईघाईने खिशातून कागद काढला, उलटा धरला, सरळ केला.

"थांबा, थांबा अप्पा. काय होतं ते? लांब की छोटा?"

ड्रायव्हरने वळून विचारलं, "निघायचं ना साहेब?"

"एक मिनिट हो," दादा मान वर न करता म्हणाला. "बोलतायत ते."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. भिंगरी दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला, आणि दादा एकेका फांदीवर बोट टेकवत खाली उतरत होता.