पाठकोऱ्या कागदांवरची आई

कुठल्याही कार्यालयात एक दिवस जागा संपते. मग कामाचं काय नि बिनकामाचं काय, हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो. या अभिलेखागारात ती खुर्ची साहेबांची होती. एका नामांकित वकिलांचे जुने कागद त्यांनी तीन वर्षं खपून खटल्यांप्रमाणे लावले, स्कॅन केले, वरिष्ठांची शाबासकी घेतली. आता मूळ कागदांचे खोके रद्दीवाल्याची वाट पाहत दाराशी बसले होते.

तेवढ्यात वकिलांची लेक आली. तीही आता आजी झालेली. तिला आईचं लिखाण बघायचं होतं. आई बायकांच्या हक्कांवर लिहायची. चार-दोन लेख छापून आले, बाकीचे घरातच राहिले. साहेबांनी सूची चाळून नम्रपणे सांगितलं, की इथे फक्त वडील आहेत.

आजींनी खोक्यातला एक कागद उचलला आणि उलटा केला.

त्या घरात कागद यायचा तो वकिलांसाठी. त्यांचे खर्डे जुने झाले, की पाठकोरी बाजू बायकोची. साहेबांनी ते अक्षर पाहिलं नव्हतं असं नाही. ‘मागे घरगुती मजकूर’ असा शेरा मारून त्यांनी फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती.

आता ते वाचू लागले. पुढे दोन भावांचा पन्हळीवरून खटला. मागे: ‘बाईच्या पगाराचं काय करायचं, हे तिला कुणी विचारत नाही, कारण’ आणि कागद संपला. साहेबांनी घाईघाईने पुढचा उलटला. तिथे मुलींच्या शाळेचा विषय. त्यापुढे मतदान.

“कारण काय?” साहेबांना राहवेना.

“ते तुम्हीच कुठेतरी लावलंय,” आजी म्हणाल्या. “बाबांच्या खटल्यांचा क्रम मोडल्याशिवाय आईचं वाक्य पुरं व्हायचं नाही.”

साहेब चपापले. लावलेला क्रम मोडायचा नाही, असा नियम त्यांनी सांगून पाहिला.

“अहो, ते भाऊ गेले, पन्हळही गळून पडली असेल. पगाराचा प्रश्न मात्र माझ्या नातीच्या घरी अजून आहे. तुमच्या घरी काय पद्धत?”

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. खाली रद्दीवाला हॉर्न वाजवत होता. साहेबांनी त्याला रिकामाच परत पाठवला आणि आजींसाठी खुर्ची ओढून स्वतः फरशीवर फतकल मारली. खटले विस्कटले, पन्हळ कुठल्या कुठे गेली. दुपार कलल्यावर ते पान हाती लागलं:

‘विचारलं, तर ती उत्तर देईल.’

नवी नोंद आजींच्या आईच्या स्वतःच्या नावाने झाली. संध्याकाळी साहेबांनी पाकिटातलं पत्नीच्या पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि लग्नाच्या चौदा वर्षांत प्रथमच विचारलं. उत्तर जेवणं उरकली तरी चालू होतं.

तेव्हा मंडळी, आपापल्या घरातली मागची बाजू एकदा उलटून वाचा. आणि विचारलंच, तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.