एका पाठीची सॅक

दुकानात शिरल्यापासून काकूंनी अकरा सॅक नापास केल्या होत्या. एकीची चेन अडकते, दुसरीचा रंग लगेच मळेल, तिसरीत लॅपटॉप बसतो पण चार्जर बसत नाही, चौथीत चार्जर बसतो, पण मग पाण्याची बाटली काय डोक्यावर घ्यायची? दुकानदार भला माणूस. डोक्याला टक्कल, गळ्यात मोजायची टेप, आणि घाई नावाची गोष्ट त्याच्या गावीच नाही. तो एकेक सॅक खाली काढत होता आणि काकू ती परत वर पाठवत होत्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, त्यातला प्रकार. फरक इतकाच, की काकूंना नाचता येत होतं. त्यांना नाचायचं नव्हतं.

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांच्या पायाशी दोन जुन्या बॅगा होत्या. एक त्यांची, कॅमेऱ्याची. दुसरी काकूंची, लॅपटॉपची.

या दोघा नवरा-बायकोचा धंदा म्हणजे शाळाशाळांत जाऊन वर्गाचे फोटो काढायचे. एकोणीस वर्षं झाली. काका फोटो काढायचे, आणि काकू तिथंच एखाद्या बाकावर लॅपटॉप उघडून चेहऱ्यांना नावं लावायच्या. उभे, डावीकडून. मधली रांग, डावीकडून. खाली बसलेले, डावीकडून. मुलं एकाला फोटोकाका म्हणायची आणि दुसरीला नाववाल्या काकू. खऱ्या नावानं हाक मारणारं आता बँकेशिवाय कुणी उरलं नव्हतं. नावं लावणं सोपं वाटतं, वाटू द्या. एकदा एका आईनं फोन करून काकूंचा उद्धार केला होता, माझ्या जुळ्यांची नावं उलटी छापलीत म्हणून. तासाभरानं तिचाच परत फोन आला, की नावं बरोबर आहेत, मीच चुकले. तर असं ते काम.

आणि दमवणारं. हंगाम चार महिन्यांचा. बस, शाळा, लॉज, पुन्हा बस. काकूंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. लॉजच्या खोलीत पाऊल टाकलं की बॅग गादीवर आपटायची आणि सुरू व्हायचं, "मेले रे देवा! माझ्याच्यानं आता होत नाही. पुढच्या वर्षी मी येणार नाही, सांगून ठेवते." काका म्हणायचे, "बरं." पुढच्या वर्षी काकू सगळ्यात आधी बॅग भरून दारात उभ्या.

तर गेल्या आठवड्यात काका एका मुख्याध्यापिकेशी फोनवर बोलत होते आणि काकू आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका म्हणाले, "नाही नाही, या वर्षीपासून एकच जण येईल." दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आपण एक मोठी सॅक बघू. कॅमेरे आणि लॅपटॉप, सगळं एकातच मावेल अशी."

काकूंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. दोन बॅगा होत्या तोवर दोन माणसं लागत होती. एका सॅकमध्ये सगळं मावलं, की दुसऱ्या माणसाचं काम काय? घरी बसून चार महिने भिंतींकडे बघायचं? बरं, भांडायचं तर कुठल्या तोंडानं? "मी येणार नाही" असं दोन वर्षं घोकलं होतं ते त्यांनीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती काकूंना कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. गेल्या हंगामात काकांचे फोटो बिघडायला लागले होते. मागची भिंत अगदी स्वच्छ, विटा मोजून घ्याव्यात अशी, आणि चेहरे धूसर. पहिल्यांदा काकूंना वाटलं, दमले असतील. मग दुसऱ्या शाळेत तेच, तिसऱ्या शाळेत तेच. शेवटी त्यांनी जादाचा कॅमेरा हातात घेतला. काकांचं झालं, ते पाणी प्यायला बाहेर पडले, की काकू मुलांना म्हणायच्या, "हलू नका रे, एक माझ्यासाठी!" आणि तोच फोटो छापायला जायचा. हंगामभर. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता हा माणूस एकटा जाणार म्हणजे मूठ उघडणार, आणि ती चारचौघांत, शाळेच्या पटांगणावर.

"मावशी, ही बघा," दुकानदार म्हणाला. "हिच्यापुढे मात्र माझ्याकडे काही नाही."

ती करड्या रंगाची सॅक होती. दुकानदारानं ती टेबलावर पालथी घातली आणि पाठीकडूनच उघडली. "चेन पाठीच्या बाजूला. म्हणजे गर्दीत मागून कुणी हात घालेल, ती सोयच नाही. हे कप्पे हवे तसे सरकवा. लॅपटॉप पाठीला लागून, जड वस्तू मध्ये, हलक्या वर. आणि कमरेला पट्टा. वजन खांद्यावर येतच नाही, कमरेवर येतं. तुमचंच सामान भरून बघा ना."

काकूंनी भरलं. दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, त्यांचे चार्जर. लॅपटॉप सरळ आत गेला, त्याचा चार्जर खालच्या कप्प्यात, माऊस बाजूला. नावांच्या याद्यांची फाईलसुद्धा बसली, कोपरा न दुमडता. बाटलीला बाहेर जागा. काकूंनी चेन ओढली, ती लोण्यासारखी सरकली. त्यांनी शिवण उलटून पाहिली. दुहेरी होती. नावं ठेवायला जागा नव्हती, आणि चांगल्या वस्तूला वाईट म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"चेन बरी आहे," त्या म्हणाल्या.

"मग पट्टे मापाचे करून देतो." दुकानदारानं गळ्यातली टेप काढली. "मानेपासून कमरेपर्यंत मोजावं लागतं. काका, जरा उभे राहता?"

काका उभे राहिले, पण वळले नाहीत. "माझी पाठ नको," ते म्हणाले. "हिची मोजा."

"माझी कशाला?" काकू म्हणाल्या. "नेणार तुम्ही, आणि माप माझं?"

"मी कुठं नेणार? तूच जाणार आहेस."

"मी?"

"एकच जण येईल असं सांगितलंय मी शाळांना. तुझ्याबद्दल सांगितलंय."

काकूंना हसावं की रडावं कळेना. आठ दिवस जीव टांगणीला लावून घेतला होता, आणि हा माणूस बाजारभाव सांगावा तसं सांगत होता. "अहो, पण फोटो?"

"गेल्या वर्षी कुणी काढले?" काका म्हणाले. "माझ्या कॅमेऱ्यातल्या फोटोंचे नंबर चारनं सुरू होतात. जादाच्या कॅमेऱ्याचे सातनं. छापायला गेलेली यादी मी भिंग लावून बघितली. सगळे सातचे होते. एकही माझा नव्हता."

काकूंनी मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं की. चांगलं महिनाभर वाटलं." काका पुन्हा स्टुलावर बसले. "मग डॉक्टरकडे जाऊन आलो. एकटाच गेलो. डोळ्यांचा पडदा गेलाय, मधला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. चष्म्यानं होणारं नाही म्हणाला."

दुकानदार टेप घेऊन हळूच मागच्या खोलीकडे सरकला. शहाणा माणूस.

"मी पोरांना विचारायचो बघ," काका म्हणाले, "अरे, तुमच्या बाई कुठंयत? बाई मधल्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या. सगळा वर्ग खो खो हसायचा. तूही हसायचीस."

"हो."

"मला खरंच दिसत नव्हत्या गं."

प्रत्येक शाळेत हसल्या होत्या काकू. एका शाळेत तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आता त्यांना स्वतःचाच इतका राग आला की बोलायला शब्द सापडेना, आणि सापडला तो भलताच.

"मी एकटी जाणार नाही! तुम्ही नुसते चला. बसा खुर्ची टाकून. मुलांना हसवायला कुणीतरी लागतं. माझ्याकडे बघून मुलं हसतात का? रडतात. चला तुम्ही. बॅग मी घेते, सगळं मी घेते."

"नको."

"का नको?"

"दमलो मी," काका म्हणाले.

त्यात चीड नव्हती, रुसवा नव्हता. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं ते म्हणाले. काकूंच्या मनात आलं, हा शब्द या माणसाच्या तोंडून आपण पहिल्यांदा ऐकतोय. बसमध्ये नाही, लॉजवर नाही, ताप अंगात घेऊन तीन शाळा केल्या त्या दिवशी नाही. लॉजची खोली उघडली की आपलंच गाऱ्हाणं एवढं मोठं, की त्यात दुसऱ्याचं शिरायला जागाच नव्हती. आपण बोलत राहिलो आणि हे बरं म्हणत राहिले. इतक्या वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाही आपण.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आता काय मोजायचं," काका म्हणाले. "डोळे गेले नसते तरी या वर्षी सांगणारच होतो. डोळ्यांमुळे सोपं झालं, इतकंच."

काकूंना वाटलं, आपणही बसावं इथंच दुसऱ्या स्टुलावर आणि म्हणावं, मीही दमले, राहू दे धंदा. खरंही होतं ते. पण हंगाम पंधरा दिवसांवर आला होता, चाळीस शाळांना शब्द गेलेला होता, आणि घर कुणाच्या तरी कमाईवरच चालणार होतं. शिवाय काम त्यांना येत होतं. आवडत होतं, हेही एकदाचं मान्य करायला हवं.

"अहो दादा," त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "या. मोजा."

दुकानदार आला. त्यानं मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप लावली, पट्टे वर घेतले, सॅक उचलून त्यांच्या पाठीवर ठेवली आणि छातीवरचा पट्टा अडकवला. वजन कमरेवर उतरलं. खांदा दुखला, पण नेहमीइतका नाही. सॅक खरंच चांगली होती. काकूंना वाटलं, निदान ही तरी वाईट निघायला हवी होती.

त्या काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अगदी समोर उभं राहिलं तर आपण त्यांना दिसणारच नाही, अशी भीती वाटली, म्हणून थोड्या बाजूला झाल्या.

"मुलं विचारतील," त्या म्हणाल्या. "फोटोकाका कुठंयत म्हणून. काय सांगू?"

काका म्हणाले,

"दमले म्हणून सांग. मुलांना कळतं ते."

काकूंनी कमरेचा पट्टा ओढून घट्ट केला, डोळे पुसले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हीच द्या."