एकोणिसाव्या भागाची शेवटची सहा मिनिटं

माझं डोकं फिरलं ते त्या कॅप्टनवरून. रविवारी सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच शिकवलंत ना मला? यान वाचवायचं तर वजन कमी करावं लागतं."

वजन म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. वय वर्षं एकोणऐंशी, वजन किलो एकेचाळीस.

यान कुठलं, ते सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना टीव्हीवर अवकाशयानाची एक मालिका लागायची. तिच्या एकोणिसाव्या भागात यानातलं इंधन कमी पडतं, वजन उतरवावं लागतं. मग कॅप्टन इंजिनवाल्या म्हाताऱ्याला एका ओसाड ग्रहावर उतरवतो. सोबत एक शेगडी आणि बिस्किटांचा डबा. यान उडून जातं, म्हातारा हात हलवत राहतो. मी अक्काच्या पाठीमागे लपून विचारलं होतं, "ते परत येतात का गं?" अक्का म्हणाली होती, "येतात रे. डोळे उघड." आणि खरंच आले. शेवटच्या सहा मिनिटांत यान वळतं, धडपडत उतरतं, म्हाताऱ्याला उचलतं. का वळलं, ते कोणी सांगत नाही.

विशीत तोच भाग पुन्हा लागला तेव्हा मी हसून लोळलो. ग्रह प्लास्टरचा, यानाची बटणं शेगडीची. अक्का शेजारी बसून डोळे पुसत होती, तिलाही हसलो.

चाळिशीत मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोरमन झालो, हाताखाली चौदा माणसं. आणि तो कॅप्टन एकदम माझा देव झाला. असा पाहिजे साहेब! मी तो भाग टेपवर घेतला, पण तो शेवट मला पटेना. कारण नाही, हिशोब नाही, आणि यान वळवतात? हे काय लहान मुलांचं खूळ! त्याच आठवड्यात आम्ही बसवलेल्या एका लिफ्टचं उद्घाटन बातम्यांत दाखवणार होते. घरात कोरी टेप नव्हती. मी ती शेवटची सहा मिनिटं बिनदिक्कत पुसली आणि त्यावर उद्घाटन घेतलं. त्यात मी चार सेकंद दिसतो. मी म्हणजे, माझं कोपर.

मुलगा ती टेप बघत वाढला. कॅप्टन म्हणतो, "मागे बघू नका," आणि लगेच कोणीतरी फीत कापतं. मी दर वेळी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचो, "बघितलंस? याला म्हणतात माणूस."

आता भोगतोय.

"तो भाग तसा संपत नाही," मी त्या रविवारी ओरडलो. "यान परत येतं!"

"कधी आलं? मी शंभर वेळा बघितलाय."

"ते मी पुसलं होतं!"

सून कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, सर्कशीचा हत्ती लिफ्टने बाराव्या मजल्यावर नेला होता, तसंच ना हे?"

हत्ती नेला होता. सोंड तेवढी बाहेर ठेवावी लागली. पण ते असो. आयुष्यभर थापा मारल्या, त्याचं हे फळ: एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तर घरात साक्षीदार एकच, आणि तिला सकाळचा चहा घेतला की नाही हेही आठवत नाही.

सुनेचंही अगदीच खोटं नव्हतं. अक्काने दोनदा गॅस उघडा ठेवला होता. एकदा ती चपला न घालता चौकापर्यंत गेली होती. सून घरून काम करते, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मीटिंग घेते आणि मध्येच अक्का तिला विचारते, "तू कोणाची गं?" दोघांनी तिच्यासाठी बघून ठेवलेला वृद्धाश्रम स्वच्छ होता, खिडकीतून झाडं दिसत होती. बुधवारी सोडायचं ठरलं होतं.

"चाळीस वर्षं लिफ्टमध्ये घालवली मी," मी म्हणालो. "वजन जास्त झालं की घंटा वाजते, आणि शेवटी शिरलेला बाहेर पडतो. सगळ्यात म्हाताऱ्याला ढकलून दिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. या घरात शेवटी कोण शिरलंय? ती तुमची व्यायामाची सायकल! टाका तिला बाहेर!"

"सायकल गॅस उघडा ठेवत नाही, बाबा," मुलगा म्हणाला.

मी कप आपटला. कान तुटला कपाचा. माझाच आवडता.

पुढचे तीन दिवस मी घर उलटंपालटं केलं. टेप धुंडाळली, तिला बुरशी लागली होती. मालिका दाखवणाऱ्या कंपनीला फोन केला; तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, इतकं जुनं आमच्याकडे काही नाही." म्हणजे जगात ती सहा मिनिटं जिथे होती, तिथून ती मीच पुसली होती. रागाने मला जेवण जाईना. राग मुलावर होता, असं मी धरून चाललो होतो.

बुधवारी अक्काची बॅग गाडीत ठेवली, तशी मी माझीही ठेवली. शिवाय अवजारांची पिशवी.

"तुम्ही कुठे?" मुलगा म्हणाला.

"एकाने भागत नाही. एकेचाळीस किलोने काय होतंय? माझे बहात्तर धर."

"बाबा, नाटकं नकोत."

"तू चालव."

तो दात खाऊन गाडी चालवत होता. अक्का माझ्या शेजारी, हातात बिस्किटांचा पुडा घट्ट धरून. तो तिला कोणी दिला, कोण जाणे. मी नाही दिला. आश्रमाचं फाटक दिसायला लागलं तेव्हा तिने माझी बाही ओढली.

"ते परत येतात का रे?"

मुलाने आरशातून मागे बघितलं.

एवढी वर्षं मी कशालाही काहीही उत्तर ठोकून दिलंय. या वेळी थाप मारावीशी वाटेना. म्हणालो, "मला काय विचारतेस? गाडी तो चालवतोय. त्याला विचार."

"येतात रे," अक्का त्याच्या पाठीकडे बघून म्हणाली. "शेवटी येतात. हा तेव्हा माझ्यामागे लपला होता."

फाटक आलं. फाटक गेलं. पुढच्या चौकात त्याने गाडी अशी वळवली की माझी पिशवी पायावर पडली.

"का वळलास?" मी विचारलं. जित्याची खोड.

"गप्प बसा, बाबा! एक शब्द बोलू नका!" त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला, पुढचा सायकलवाला शिव्या देत बाजूला झाला.

सुनेने दार उघडलं, आम्हा तिघांना बघितलं आणि सरळ विचारलं, "मग मी काम कुठे बसून करायचं?"

"माझ्या खोलीत," मी म्हणालो. "मी अक्काच्या खोलीत झोपतो. तिच्यामागे लपायची सवय आहे मला. गॅसला कुलपाचा खटका बसवतो, अवजारं हातातच आहेत. बाहेरच्या दाराला घंटी लावतो, अक्का निघाली की वाजेल."

  सून आवाज चढवून म्हणाली, "हे रविवारी का नाही बोललात? चार दिवस घर डोक्यावर घेतलंत, टेपा शोधल्यात, कप फोडलात. आपली खोली देतो, हे एक वाक्य तुम्हाला सुचलं नाही?"

त्या यानात कॅप्टनला स्वतंत्र केबिन होती. आत भलामोठा लोखंडी पलंग. नऊ वर्षांचा असताना, विशीत, चाळिशीत, मी तो पलंग दर वेळी बघितला होता. तो बाहेर का टाकत नाहीत, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

मी पिशवीतून पकड काढली आणि गॅसपाशी जाऊन बसलो. स्क्रू घट्ट होता. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.